गट-गणांच्या रचनेवर हरकत घेताना या चुका टाळा

जिल्हा परिषदेचा गट आणि पंचायत समितीचा गण, म्हणजे त्यांचा एकेक मतदारसंघ, कोणत्या गावांचा मिळून होणार हे एकदा ठरले, की पांधण रस्त्यापासून अंगणवाडीच्या खोलीपर्यंतच्या कामांसाठी कोणत्या सदस्याकडे जायचे तेही पुढच्या पाच वर्षांसाठी ठरून जाते. तरीही विदर्भातल्या अनेक गावांत या रचनेची चर्चा सुरू होते ती आरक्षणाची सोडत निघाल्यावर, म्हणजे सीमा अंतिम होऊन गेल्यावर. ज्या गावांना वेळेत जाग येते, त्यांच्या हरकतींपैकीही कितीतरी हरकती केवळ मांडणीतल्या उणिवांमुळे फेटाळल्या जातात. या उणिवा टाळता येण्याजोग्या आहेत.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे प्रारूप, म्हणजे रचनेचा कच्चा मसुदा, आपल्यापर्यंत कोणीतरी आणून देईल अशी वाट पाहत बसणे. २०२५ मध्ये राज्यातील ३२ जिल्हा परिषदांची प्रारूप रचना १४ जुलैला प्रसिद्ध झाली आणि हरकती व सूचनांसाठी २१ जुलैपर्यंतचीच मुदत मिळाली. आपल्याकडे हे दिवस कपाशी-सोयाबीनमधल्या डवरणीचे आणि निंदणाचे असतात, आणि नाल्याला पूर असला तर तालुक्याचा रस्ताही बंद असतो. प्रारूपाचा कागद लावला जातो तो जिल्हाधिकारी कार्यालय, तहसील आणि पंचायत समितीच्या फलकावर. सिरोंच्याच्या पलीकडच्या गावातील शेतकऱ्याने जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या गडचिरोलीचा फलक वाचावा अशी अपेक्षा ठेवून पारदर्शकता साधत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून कार्यक्रम जाहीर होताच सरपंचांनी तहसीलदारांना लेखी पत्र देऊन, आपल्या गटाच्या व गणाच्या गावांची यादी ग्रामपंचायतीत आणि चावडीवर लावावी व कोतवालामार्फत दवंडी द्यावी, अशी मागणी करावी. या मुदतीत ग्रामसभेची नोटीस काढून सभा घेणे सहसा जमत नाही. त्यासाठी अडून न राहता नागरिकांनी वैयक्तिक सहीने हरकत द्यावी, कारण हरकत घेण्याचा अधिकार ग्रामसभेच्या ठरावावर अवलंबून नाही.

याच घाईत काही कार्यकर्ते माहितीच्या अधिकारात अर्ज टाकून निश्चिंत होतात. त्या कायद्यानुसार उत्तराची मुदत ३० दिवसांची असते आणि तोवर सुनावणीही आटोपलेली असू शकते. रचनेचा नकाशा आणि गावनिहाय लोकसंख्येचे विवरणपत्र प्रत्यक्ष जाऊन पाहावे, परवानगी घेऊन त्याचे फोटो काढावेत आणि प्रमाणित प्रतीसाठी वेगळा अर्ज करावा. माहितीच्या अधिकाराचा खरा उपयोग नंतर होतो, म्हणजे आपली हरकत कोणत्या कारणाने फेटाळली गेली त्याची टिपणी मिळवण्यासाठी.

लोकसंख्येच्या आकड्यांत होणारी गफलत अधिक खोलवर जाते. रचना २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्येवर होते, मतदारसंख्येवर नव्हे. त्यामुळे “आमच्या गावात आता इतके मतदार आहेत” हे वाक्य हरकतीत कितीही ठळक अक्षरांत लिहिले तरी त्याला वजन येत नाही. जनगणनेचे गावनिहाय आकडे सर्वांसाठी खुले आहेत आणि ते प्रारूपाशी एकेक गाव घेऊन ताडून पाहावे लागतात. विदर्भात या ताळ्यात काही ठिकाणी हमखास अडते. गोसेखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून नव्या जागी वसलेली गावे, मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून अकोट-तेल्हारा भागात आणलेली गावे, यांपैकी जी २०११ नंतर हलली त्यांची माणसे जनगणनेच्या कागदावर जुन्याच जागी राहतात. महसुली यादीत नाव असलेले पण वस्ती नसलेले रिठी गाव नकाशावर दोन गावांच्या मध्ये येऊन सलगता दाखवते, प्रत्यक्षात तिथे फक्त शेते असतात. यवतमाळकडील कोलामांचे पोड, पारध्यांचे बेडे, बंजाऱ्यांचे तांडे आणि गोंदिया-भंडाऱ्याकडचे टोले या वस्त्यांची लोकसंख्या बहुधा मूळ गावात मिसळलेली असते, त्यामुळे ग्रामपंचायतीचे प्रभाग पाडताना एखादा पोड दोन प्रभागांत विभागला गेला तर ते आकड्यांवरून कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्या गावाची अशी काही स्थिती असेल तर पुनर्वसनाचा आदेश, स्थलांतराचे वर्ष, जुने व नवे मौजाचे नाव आणि ग्रामपंचायतीचा दाखला हरकतीला जोडावा. अधिकारी २०११ चा आकडा बदलू शकत नाही, परंतु तो आकडा कोणत्या जागी धरायचा हा प्रश्न त्याच्यापुढे कागदानिशी मांडता येतो.

यानंतरची चूक म्हणजे केवळ नकार देणे. “आमचे गाव या गणातून काढा” एवढीच मागणी असेल तर ते गाव घालायचे कुठे आणि त्याने दोन्ही गणांचे गणित कसे राहील, हे ठरवण्याचा भार सुनावणी घेणाऱ्यावर पडतो, आणि त्याच्यापुढे अशा हरकतींचा गठ्ठा असतो. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ग मध्ये लोकसंख्या आणि जागा यांचे प्रमाण शक्य तितके सारखे ठेवण्याची अट आहे, आणि सरासरीपेक्षा किती टक्के कमी-जास्त चालेल ते रचनेच्या आदेशात पाहावे. उदाहरणासाठी गणाची सरासरी १०,००० आणि मर्यादा दहा टक्के धरू, म्हणजे ९,००० ते ११,००० पर्यंत गण बसतो. समजा, १,१४० लोकसंख्येचे आपले गाव १०,८६० च्या गणात टाकले आहे आणि पावसाळ्यात मधल्या नाल्यामुळे त्या बाजूचा संपर्क तुटतो. नाल्याच्या अलीकडचा गण ९,३१० चा आहे. गाव इकडे आणल्यास पहिला गण ९,७२० चा आणि दुसरा १०,४५० चा होतो. दोन्ही मर्यादेत राहतात. हे चार आकडे, नाल्याचे नाव, पूल नसल्याचा किंवा तो बुडत असल्याचा तलाठ्याचा अथवा ग्रामपंचायतीचा दाखला आणि नकाशाची प्रत, इतके एका पानावर आले की ती हरकत टाळणे अवघड जाते. दोन्ही गण एकाच गटातले असतील तर गटाची लोकसंख्या मुळीच बदलत नाही, हेही स्पष्ट लिहावे, कारण अशी मागणी मान्य करणे सर्वांत सोपे असते. गण वेगवेगळ्या गटांतले असतील तर दोन्ही गटांचे बदललेले आकडे द्यावेत, आणि अनुसूचित जाती व जमातीची लोकसंख्याही द्यावी, कारण त्या जागांचे आरक्षण लोकसंख्येच्या प्रमाणाशी बांधलेले असते आणि एक गाव हलल्याने तो क्रम बदलू शकतो.

हरकतीत राजकारण मिसळू नये. अमुक पुढाऱ्याच्या सोयीसाठी गट तोडला, हा संशय खराही असू शकतो, पण सुनावणीत हेतू सिद्ध करता येत नाही. नियम मोडल्याचे मात्र दाखवता येते. रचना उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेकडे संपवण्याचा क्रम, भौगोलिक सलगता, नदी-नाले-डोंगर-मोठे रस्ते यांसारख्या ठळक सीमांचा आधार आणि वस्त्या न फोडणे, ही रचनेची तत्त्वे आदेशात दिलेली असतात. त्यांतील कोणते तत्त्व आपल्या बाबतीत पाळले गेले नाही ते कलमासह लिहावे. आरक्षणाविषयीची तक्रार या टप्प्यावर करू नये. तिच्यासाठी स्वतंत्र प्रसिद्धी आणि स्वतंत्र हरकतींची मुदत असते. एकच मजकूर झेरॉक्स करून शंभर सह्या घेण्यापेक्षा वेगवेगळ्या वस्त्यांतील चार जणांनी आपापली अडचण लिहिलेली बरी.

अर्ज कोणाकडे द्यायचा हे नोटिशीत वाचूनच ठरवावे. गट-गणांच्या हरकतींवर २०२५ मध्ये विभागीय आयुक्तांकडे सुनावणी होती, म्हणजे पश्चिम विदर्भाला अमरावती आणि पूर्व विदर्भाला नागपूर गाठावे लागले. ग्रामपंचायतीच्या प्रभागांवरील हरकती तहसीलदारांकडे द्यायच्या असतात आणि उपविभागीय अधिकारी त्या ऐकतात. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये, कारण पुढे हरकत दिलीच नव्हती असा प्रश्न आला तर तोच एक पुरावा असतो. सुनावणीला हजर राहावे, आणि सरपंचाबरोबर त्या वस्तीतला, शक्यतो रोज तो नाला ओलांडणारा माणूस न्यावा. निर्णय तोंडी ऐकून परतू नये. कारणांसह लेखी प्रत मागावी.

“पुढे कोर्टात पाहू” या भरवशावर हा टप्पा सोडून देणे फार धोक्याचे आहे. पंचायतींच्या मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या कायद्याची वैधता न्यायालयात तपासण्यास अनुच्छेद २४३-ण आडकाठी करतो. उत्तर प्रदेशातील पंचायतींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले, की अशा रचनेला आव्हान देण्यास जागा उरते ती मुख्यतः हरकती मागवल्याच नाहीत आणि सुनावणी दिलीच नाही अशा वेळी. म्हणजे ज्याने मुदतीत हरकत दिली आणि ज्याच्याकडे पोच आहे, त्याच्याच हाती पुढे काही उरते.

अंतिम अधिसूचना निघाल्यावर ती प्रारूपाशी ओळीने ताडून पाहावी. गाव योग्य गणात असूनही मतदार यादीत एखाद्या वस्तीची नावे शेजारच्या गणात किंवा प्रभागात गेलेली आढळली, तर ती सीमेची चूक नसते आणि प्रारूप मतदार यादीवरील हरकतींच्या मुदतीत दुरुस्त होऊ शकते. भंडारा आणि गोंदियाच्या जिल्हा परिषदा २०२५ च्या फेरीत नव्हत्या, कारण तेथील निवडणुका २०२१-२२ मध्ये झाल्या होत्या. तेथील गावांनी आपल्या गटातील प्रत्येक मौजाची २०११ ची लोकसंख्या आणि पुनर्वसनाचे आदेश कार्यक्रम जाहीर होण्याआधीच एका फाईलमध्ये लावून ठेवावेत.