रविवारी सकाळी सायकलवरून कॉफीला जाताना

पहिल्या खेपेला कॅफे घरापासून १२ ते १५ किलोमीटरवरच निवडा. वारा बघा: जाताना समोरून असेल तर उत्तम, भरल्या पोटी परतताना तो पाठीशी राहतो.

हवा आदल्या रात्री नव्हे, निघताना भरा. किती, ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. आठवडाभर उभ्या सायकलची हवा पंक्चर नसतानाही उतरते. सोबत एक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर चाकावरून उचकटायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप. पंक्चर झालंच, तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधा. बहुतेक जण इथेच घाई करतात आणि पाच मिनिटांत पुन्हा रस्त्याच्या कडेला बसतात.

कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घालून पक्क्या खांबाला लावा. नुसतं पुढचं चाक बांधलं, तर चाक तेवढं उरतं! दिवा काढून खिशात टाका. टेबल मात्र सायकल दिसेल असंच धरा.

खाऊन झाल्यावर अर्धा तास बसा. निघाल्यावर पहिली १५ मिनिटं हलका गिअर ठेवा. लगेच चढ घेतला की पोटात कळ येते.