दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि ताप: आधीच करून ठेवायची तयारी

सगळ्यात आधी डिजिटल थर्मामीटर आणून ठेवा आणि त्याचा सेल चालतोय का तेही बघून घ्या, आमचा रात्री अडीचला एकदा चमकून विझला तो विझलाच. कपाळाला हात लावून 'जरा कोमट लागतंय' हे एवढ्या लहान बाळाला चालत नाही. डॉक्टर लोक गुदद्वारातून मोजलेला १००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस हा ताप धरतात, घरी आपण काखेत मोजतो तिथे आकडा कमीच येतो, म्हणून काखेत ९९.५ दिसला तरी फोन करायचा. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, वर टोपडं, दोन दुपटी असतील तर आधी काढा, पंधरा-वीस मिनिटांनी परत मोजा. उतरला नाही तर त्याच रात्री निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

आणि निघायच्या आधी पॅरासिटामॉलचे थेंब स्वतःच्या मनाने देऊ नका, आज्जी कितीही म्हणाल्या तरी. ताप उतरतो, इन्फेक्शन तिथेच राहतं.

पिशवीत डिस्चार्जची फाईल आणि लसीकरण कार्ड हवंच. गरोदरपणाच्या कितव्या आठवड्यात जन्मलं, जन्माचं वजन किती होतं, पाणमोट कधी फुटली, आईला ताप होता का, हे पहिल्याच पाच मिनिटांत विचारतात आणि झोपेत काही आठवत नाही, म्हणून कागदावर लिहून ठेवा. शेवटचं दूध कधी ओढलं, शू किती वेळा झाली तेही लिहा.

ताप नसला तरी बाळ दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हात-पाय हलवत नाही, झटके आले, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, छाती आत ओढली जातेय, किंवा अंग गारच पडलंय (३५.५ सेल्सियसच्या खाली), तर थर्मामीटरकडे बघत बसू नका, १०८ लावा.

तिथे रक्त आणि लघवी तपासतील, कारण या वयात बॅक्टेरियाचं इन्फेक्शन बहुतेक वेळा लघवीचंच निघतं. पिशवी चिकटवून घेतलेली लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, बिनभरवशाची, म्हणून बारीक नळी घालतात, घाबरू नका. तीन आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर पाठीतलं पाणीही काढतात आणि ॲडमिट करतात, बाळ हसतंखेळतं दिसलं तरी. तेव्हा तुमचा एक जोड कपडे आणि चार्जर त्याच पिशवीत टाका.