स्त्री वास्तुविशारदांची कागदपत्रे जपताना या चुका टाळा

मुंबईत जुन्या इमारतीचा पुनर्विकास निघाला, की घर रिकामे करण्याच्या घाईत माळ्यावरचे नकाशांचे रोल आधी रद्दीत जातात. ते आईने किंवा आत्याने काढलेले असतील आणि सुदैवाने वाचले असतील, तरी पुढे ते हाताळताना काही चुका हमखास होतात.

सर्वांत मोठी चूक नावाची आहे. नकाशाच्या कोपऱ्यातील चौकटीत छापलेले फर्मचे नाव हेच रचनाकाराचे नाव समजून सूची केली जाते आणि स्त्रीचे काम कायमचे दुसऱ्याच्या खात्यावर जमा होते. वास्तुविशारद पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेतली आणि त्या वडिलांच्या ‘डिचबर्न, मिस्त्री अँड भेदवार’ या फर्ममध्ये काम करू लागल्या. अशा फर्मच्या कागदावरील ‘मिस्त्री’ म्हणजे वडील की लेक, हे छापील नावावरून कसे कळणार? नवी मुंबईची जी योजना १९६५ मध्ये लोकांपुढे आली, ती मांडणाऱ्यांत वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि अभियंता शिरीष पटेल यांच्याबरोबर वास्तुविशारद प्रवीणा मेहता होत्या, तरीही बोलताना त्यांचे नाव गळते, हे मला फार खटकते. म्हणून सूचीत फर्म, रचनाकार, नकाशा काढणारी व्यक्ती आणि तपासणारी व्यक्ती यांचे रकाने वेगळे ठेवावेत, आद्याक्षरे जशीच्या तशी उतरवावीत आणि माहेरचे व सासरचे नाव एकाच नोंदीत जोडावे. आद्याक्षरे कोणाची हे उमगत नसेल, तर त्याच काळातील पत्रांतल्या हस्ताक्षराशी ती ताडून पाहावीत. अंदाज असेल, तर अंदाज म्हणूनच लिहावा.

अर्थात, त्यासाठी पत्रे शिल्लक हवीत. केवळ देखणे नकाशे ठेवून साइटवरच्या वह्या, कंत्राटदारांची बिले आणि कच्ची रेखाटने टाकून दिली, तर निर्णय कोणी घेतला याचा पुरावाच नष्ट होतो. गठ्ठे सोडण्यापूर्वी त्यांचे आहे त्या क्रमाने फोटो काढावेत.

साठवणीतील चुका नेहमीच्याच आहेत. फाटलेल्या ट्रेसिंग पेपरला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर करूच नये, कारण ते सुखरूप काढता येत नाही. ब्ल्यूप्रिंटचा निळा रंग अल्कधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) कागदाच्या सहवासात फिका पडतो. अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या साहाय्याने काढलेल्या नकाशांच्या प्रती, इतर कागदांपासून दूर ठेवावेत. हवेतील आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते आणि मुंबईचा पावसाळा ही मर्यादा सहज ओलांडतो. बुरशी दिसल्यास ओल्या फडक्याने पुसू नये. तो कागद बाजूला काढून हवेशीर जागी सुकवावा आणि मग मास्क लावून मऊ ब्रशने झाडावा.

स्कॅन झाले म्हणून मूळ प्रत टाकू नये. आणि फर्ममधील जुने ड्राफ्ट्समन (नकाशे काढणारे कर्मचारी) हयात असतील, तर स्कॅनिंगच्याही आधी त्यांच्यासमोर नकाशे पसरून कोणते काम कोणाच्या हातचे, हे विचारावे आणि ते बोलणे ध्वनिमुद्रित करून घ्यावे.