हार्ट फेल्युअरमध्ये डाव्या व्हेंट्रिकलची लीड कुठे बसवावी

सीआरटी उपकरणाचा (दोन्ही व्हेंट्रिकल्सचे ठोके जुळवून आणणाऱ्या पेसमेकरचा) लाभ सर्वाधिक होतो तो लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या व्हेंट्रिकलकडे जाणाऱ्या विद्युत्मार्गातील अडथळा) आणि १५० मिलिसेकंदांहून रुंद क्यूआरएस (ईसीजीवरील व्हेंट्रिकल्सची लहर) असलेल्या रुग्णांना. परंतु रुग्णाची निवड अचूक असूनही लीड (उपकरणाची विद्युत्तार) चुकीच्या जागी बसली, तर तो लाभ हातचा जातो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी इकोवर सर्वांत उशिरा आकुंचन पावणारा भाग शोधावा आणि शक्य असल्यास एमआरआयवर हृदयस्नायूतील व्रण (मृत भाग) कुठे आहे हे पाहावे, कारण व्रणावर केलेले पेसिंग (विद्युत्स्पंद देणे) बहुधा निष्फळ ठरते.

लीड हृदयाच्या शिरांमधून नेली जाते; म्हणून कोरोनरी सायनसमध्ये (त्या शिरा जिथे मिळतात त्या मोठ्या शिरेत) फुगा फुगवून व्हेनोग्राम (शिरांचे क्ष-किरण चित्र) दोन कोनांतून घ्यावा: डाव्या तिरक्या कोनातून शिरा पुढची, बाजूची की मागची हे कळते, तर उजव्या तिरक्या कोनातून तळ, मध्य आणि टोक यांतील अंतर उलगडते. बाजूची किंवा मागे-बाजूची शिरा निवडावी. टोकाची जागा मात्र टाळावी, कारण मॅडिट-सीआरटी या रुग्णांवरील वैद्यकीय चाचणीच्या २०११ मधील विश्लेषणात तेथील लीडचे परिणाम वाईट आढळले.

लीड पोहोचल्यावर क्यूआरएसच्या आरंभापासून स्थानिक विद्युत्संकेतापर्यंतचा काळ मोजावा. तो ९५ मिलिसेकंद वा अधिक असल्यास प्रतिसादाची शक्यता वाढते. माझ्या मते हे मोजमाप कधीही वगळू नये. त्यानंतर १० व्होल्टवर पेसिंग करून डायफ्रॅम (श्वासपटल) उडतो का ते तपासावे. उडत असल्यास चार ध्रुवांच्या लीडमध्ये लीड न हलवता दुसरी ध्रुवजोडी निवडता येते. योग्य शीर सापडलीच नाही, तर लेफ्ट बंडल पेसिंगचा (हृदयाच्या स्वतःच्या डाव्या विद्युत्मार्गालाच स्पंद देण्याचा) विचार करावा.