ग्राफिक्स कार्ड बदलण्याआधी ही चाचणी करा
कार्ड विकत घेण्याआधी नेहमीचा गेम लावा आणि रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. व्हीसिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारं सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा आधी बंद करा, नाहीतर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा, हलणारच नाही. फ्रेम रेट झपाट्याने वाढला तर कार्डच कमी पडतंय. जेमतेम तेवढाच राहिला तर अडचण बहुधा प्रोसेसरची, आणि मग कितीही महाग कार्ड बसवलं तरी फारसा फरक पडायचा नाही.

पॉवर सप्लायही बघा. मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ८ पिनांच्या प्रत्येक कनेक्टरमधून १५०. कॅबिनेटमधली जागा मोजून घ्या, पुढचे पंखे धरून. कार्डावरच्या मेमरीबाबत माझं मत सरळ आहे: १४४०पी वर खेळायचं असेल तर ८ जीबीचं कार्ड आता घेऊ नये.