लिनक्सवर मराठी टायपिंग करताय? या चुका टाळा

ईमेल ॲड्रेस टाकायला गेलात आणि ॲटच्या चिन्हाऐवजी दुहेरी अवतरण येतंय, हॅश दाबला की पाऊंड उमटतोय, तर कीबोर्ड बिघडलेला नाहीये. उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना तुम्ही कीबोर्डसाठी इंग्लिश यूके निवडलंय. शाळेत कलर लिहिताना यू घालायला शिकवलं म्हणून आपण तेच निवडतो, पण भारतात मिळणारे कीबोर्ड जवळपास सगळे यूएस छापाचे. यूएस घ्या, नाहीतर इंग्लिश इंडिया विथ रुपी घ्या, त्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबला की थेट ₹ येतो.

आता मराठी. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो लेआउट आणि इनपुट मेथड एकच समजल्यामुळे. लेआउट म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर एवढंच, इनस्क्रिप्ट हा तसा लेआउट, तो सिस्टिममध्ये आधीच असतो. पण तुम्हाला इंग्रजी स्पेलिंग मारून मराठी उमटवायचं असेल, तर ती झाली इनपुट मेथड, त्याला आयबस नावाचा प्रोग्रॅम लागतो आणि त्याच्या जोडीला आयबस-एम१७एन नावाचं पॅकेज. लोक पॅकेज टाकतात, लगेच सेटिंग्जमध्ये शोधतात, मराठी फोनेटिक दिसत नाही, मग वैतागून एफसिटिक्स हा आयबससारखाच दुसरा प्रोग्रॅम पण टाकतात आणि दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात. अहो, फक्त लॉगआउट करून परत लॉगिन करा, यादीत येतं ते! केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपवर वेलँड (स्क्रीन चालवणारी नवी यंत्रणा) असेल तर अजून एक गंमत, आयबस चालू करायचं सेटिंग व्हर्च्युअल कीबोर्डखाली लपवलंय. तिथे कोण बघणार, देव जाणे.

जुन्या ब्लॉगवरची सेटएक्सकेबीमॅपची (लेआउट बदलायची) कमांड चिकटवू नका. ती वेलँडच्या आधीच्या एक्स११ च्या जमान्यातली, वेलँडवर ग्नोम डेस्कटॉप असेल तर तिचा उपयोग नाही. सेटिंग्जमधूनच भाषा जोडा आणि सुपर (विंडोजचं चिन्ह असलेलं बटण)-स्पेसने बदला.

यादीत इंग्लिश वर ठेवा, मराठी खाली. मी उलटं ठेवलं होतं. लॉगिनला पासवर्ड टाकतोय, टिंब दिसतायत, पासवर्ड चूक, पुन्हा चूक, शेवटी विसरलो असं समजून अख्खी सिस्टिम नव्याने टाकली, आणि खरं कारण एवढंच की टिंबांच्या मागे देवनागरी टाइप होत होतं. पासवर्ड नाकारला तर आधी स्क्रीनच्या कोपऱ्यात कुठली भाषा दिसतेय ते बघा.

मराठी दिसत नाही म्हणून हिंदीचा लेआउट उचलू नका. चालतो तसा, ळ पण सापडतो शिफ्ट-एनवर, पण शिफ्ट-१ ला ऍ येतो, आपला ॲ नाही. दिसायला जवळजवळ सारखे, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला स्वतःचा कोड देणारी पद्धत) लेखी वेगळे, त्यामुळे फाइलमध्ये ॲप शोधलं तर ऍप सापडत नाही. मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा. बटणं कुठे आहेत ते सेटिंग्जमध्ये त्या भाषेशेजारच्या तीन टिंबांत लेआउट बघण्याचा पर्याय असतो तिथे दिसतं.

आणि तो ऱ्य! समुद्र म्हणजे दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या, लोक दोन्हीकडे रफारच मारतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे ला नुक्ता असलेला ऱ आहे, मग डी दाबून हलन्त, मग स्लॅशवरचा य. तीन बटणं, झालं. साध्या जे ने सुरुवात केली की रफार होणारच.

शेवटची तक्रार नेहमीची : जुनी श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमधली फाइल उघडली तर नुसता कचरा दिसतो, कुठला लेआउट लावू? कुठलाच नाही. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नाहीतच, इंग्रजी कोडांना फॉन्टने मराठीचं सोंग दिलेलं आहे. कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, तिथेच कन्व्हर्टर माती खातो.