पोरगं बोलेनासं झालं तर

दहावीत गेलेलं पोरगं घरात दोन शब्दांपलीकडे बोलत नसेल, तर त्याला समोर बसवून प्रश्न विचारू नका. हाताला काम असताना बोला. आमच्या यवतमाळकडे दिवाळीच्या सुमारास कापूस वेचणी जोरात असते. रविवारी माझी लेक माझ्या शेजारची पात धरते. कमरेला ओटी, नजर बोंडावर. माझ्याकडे पाहावं लागत नाही, म्हणून ती मोकळी होते. मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणिताची भीती, सगळं मला वावरातच कळलं. मी मधे उपदेश घालत नाही. "मंग तू काय म्हणाली?" एवढंच विचारते आणि पुढचं बोंड वेचते.

सकाळी उठत नाही म्हणून आळशी ठरवू नका. या वयात शरीरच झोपेची वेळ उशिरा ढकलतं, आणि 13 ते 18 वर्षांच्या मुलांना 8 ते 10 तास झोप लागते. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. बापाचाही तिथंच, नाहीतर नियम टिकत नाही.

पाहुण्यांसमोर मार्कांचा विषय नको.

कर्जाचं, कापसाच्या भावाचं लपवू नका. पोरं सारं ऐकतात, अन् अर्धवट ऐकून जास्त घाबरतात. आकडा सांगा, कसा फेडणार तेही सांगा. "तुझ्या शिक्षणापायी" हे शब्द मात्र तोंडातून काढू नका.

जेवण सुटलं, एकटंच बसू लागलं, मरणाचं बोललं, तर वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.